आतलं पॅड दोन, बाहेरचं सहा

मधमाश्यांच्या पेट्या रात्रीच हलवाव्या लागतात. अंधार पडून सगळ्या माश्या घरी परतल्या की दारं जाळीने बंद करायची, पट्टे आवळायचे आणि उजाडायच्या आत नव्या फुलोऱ्याजवळ पोचायचं. पेट्या पिकअपच्या हौद्यात रचताना आतल्या चौकटी गाडीच्या लांबीला समांतर राहतील अशा रचतात. आडव्या ठेवल्या तर ब्रेक मारताक्षणी त्या एकमेकींवर आपटतात, मधाने जड झालेली पोळी तुटतात आणि तळाला मधमेणाचा चिखल होतो. त्यात राणी सापडली तर अख्खी वसाहत गेली. त्यामुळे माझ्या धंद्यात ब्रेक नुसता लागून भागत नाही, तो हळुवार लागावा लागतो.

गेल्या हंगामाच्या शेवटी चोवीस पेट्या घेऊन घाट उतरत होते. अर्धा उतार संपला आणि ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरायला लागलं. पेडलही तळव्याखाली धडधडत होतं, चाकाच्या वेगाबरोबर जलद-मंद होत. मागे माश्यांचा सूर एक पट्टी वर चढला. गिअर दुसऱ्यात टाकला, वेग पंचवीसवर आणला आणि तशीच खाली आले. पायथ्याशी रेल्वेचं फाटक बंद. तिथे दहा मिनिटं ब्रेक घट्ट दाबून उभी राहिले. ती चूक होती, पण ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांना फोन केला. त्यांनी गाडी न बघताच डिस्कवर, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला चिमटून गाडी थांबवतात त्या चाकामागच्या लोखंडी तबकडीवर, निकाल दिला.

"ताई, डिस्क वाकलीय. लेथवर फेस मारून देतो, पॅड नवीन टाकतो. दोन तासांत गाडी न्या."

"काका, खोलून बघायच्या आधीच?"

"अहो, मी काय आज करतोय का हे!"

काकांबद्दल माझी तक्रार नाही, पण चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये असेच दोन तासांत पॅड टाकून घेतले होते आणि मी समोर उभी नव्हते. या वेळी म्हटलं, आपणच खोलू. जॅक आहे, घोड्या आहेत, पाने आहेत, आणि ओट्यावर बसून सूचना करायला बाबा आहेत.

पुढचं डावं चाक काढलं, कॅलिपरचा, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट सोडला, कॅलिपर वर उचलला आणि पॅड हातात घेतले. बाहेरच्या पॅडवर घर्षणाचा थर सहा मिलिमीटर शिल्लक होता. आतल्या पॅडवर जेमतेम दोन. एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले पॅड. नवीन असताना दोन्ही अकरा-बाराचे असणार. तीन मिलिमीटरला पॅड बदलावेत असं साधारण धरतात, म्हणजे आतलं पॅड ती रेषा ओलांडून गेलं होतं आणि बाहेरून चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला सगळं ठीक दिसलं असतं. मीही तशीच डोकावायचे.

त्याहून वाईट म्हणजे पॅड झिजल्यावर किंचाळणारी जी छोटी लोखंडी पत्ती असते, ती माझ्या गाडीला आतल्या पॅडवर असायला हवी. ती बाहेरच्या पॅडवर होती. आकार सारखाच असल्यामुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत असं बसवून टाकलेलं. चौदा महिने आमचा धोक्याचा भोंगा चुकीच्या खोलीत झोपला होता.

दोन आणि सहा हे आकडे लिहून घेतले आणि खरेदीचा विचार तिथेच थांबवला. कारण पॅड असे असमान झिजतात तेव्हा दोष पॅडचा नसतो. माझा कॅलिपर तरंगता आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतात. ते आतलं पॅड रोटरवर (डिस्कचंच दुसरं नाव) दाबतात, आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन गाईड पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतो. पिना गंजून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही आणि बरंचसं काम एकटं आतलं पॅड करतं. वरची पिन हाताने हलवून पाहिली, छान सरकत होती. खालची पिन पान्याने पिळली तेव्हा कुरकुरत फिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी पूड होती. अशा गाडीला कितीही महागाचे पॅड आणून घातले असते तरी वर्षभरात पुन्हा दोन आणि सहा.

आता रोटर. त्याच्या कडेवर ओतकामातच उठवलेली अक्षरं असतात, गंज खरवडला की वाचता येतात. माझ्या रोटरवर 'मिन टीएच २६ एमएम' असं होतं, म्हणजे सव्वीस मिलिमीटरच्या खाली तो वापरायचा नाही. नवा असताना अठ्ठावीसचा. मी आधी व्हर्नियर लावला तर सत्तावीसच्या वर माप आलं आणि मनात म्हटलं, चला, वाचलो. पण रोटरच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली एक कंगोऱ्यासारखी कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे नेमके तिच्यावर टेकतात. मायक्रोमीटर घेऊन आत, प्रत्यक्ष घासणाऱ्या पट्ट्यात मोजलं. आठ ठिकाणी मोजलं. सर्वात जाड जागा २६.३४, सर्वात पातळ २६.३०.

म्हणजे रोटर अजून मर्यादेच्या आत होता. पण लेथवर फेस मारायचा तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापावं लागणार. प्रत्येकी पाव मिलिमीटर गेलं तरी तो २५.८ वर येतो, म्हणजे टाकाऊ. काकांनी आधी मोजून मग लेथचं नाव काढलं असतं तर मी ऐकलं असतं.

आणि तो वाकलेला होता का? बहुतेक वेळा नसतोच. ज्याला सगळे 'डिस्क वाकली' म्हणतात ती जाडीतली तफावत असते. माझ्या रोटरवर ती चार शतांश मिलिमीटर निघाली. ऐकायला नगण्य, पण एक-दोन शतांशाचा फरकही पायाला जाणवू शकतो. पॅड दाबलेलं असताना जाड जागा आली की पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ जागा आली की पुढे येतो, आणि हे दर फेऱ्याला. ब्रेकचं तेल ते सगळं पेडलपर्यंत इमानदारीने पोचवतं. तफावत येते कशी? एक तर रोटर हबवर, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या तुंब्यावर, किंचित तिरका बसलेला असेल तर ब्रेक न लावतासुद्धा प्रत्येक फेऱ्यात त्याची एकच जागा पॅडला चाटून जाते आणि हजारो किलोमीटरमध्ये तिथे पातळ होते. दुसरं म्हणजे तापलेल्या रोटरवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा माल तिथे चिकटतो आणि ठसा राहतो. रेल्वेचं फाटक आठवलं. थरथर त्याच्या आधीची होती, पण मी त्या दहा मिनिटांत तिला खतपाणी नक्की घातलं. उताराच्या तळाशी आता मी शेवटचा थोडा भाग ब्रेक सोडून हळू जाते, आणि थांबावंच लागलं तर हँडब्रेकवर थांबते. माझ्या गाडीत तो मागच्या ड्रमांवर असतो.

बाबा म्हणाले, "पॅड कुठले घ्यायचे ते मग ठरव. आधी गाडी काय काम करते त्याचा हिशोब मांड."

मांडला. रिकामी गाडी आणि मी मिळून साधारण २,०५० किलो. चोवीस पेट्या, प्रत्येकी सरासरी पस्तीस किलो, म्हणजे ८४० किलो. झाले जवळजवळ २,९००. ताशी ८० किलोमीटरवरून थांबायचं तर या वजनाची सुमारे ७०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. त्यातली सत्तर टक्के पुढची दोन चाकं घेतात असं धरलं, तर नऊ किलोच्या एका रोटरचं तापमान एका थांब्यात साठेक अंशांनी वाढतं. हे काहीच नाही, पुढच्या मिनिटभरात वारा ते घेऊन जातो. पण घाट? चारशे मीटर उंची उतरताना हेच २,९०० किलो ११,००० किलोज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा सोडतात. म्हणजे ताशी ८० वरून पूर्ण थांबणं, पंधरा-सोळा वेळा, मध्ये श्वास न घेता. त्यातला काही वाटा टायर आणि हवा खातात, खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच खातं. उरलेलं पॅड, रोटर आणि ब्रेक ऑइल यांच्या डोक्यावर.

हा आकडा कागदावर आल्यावर जुन्या खरेदीतली माझी दुसरी चूक दिसली. मी मागच्या वेळी 'सिरॅमिक' पॅड मागून घेतले होते. का? तर चाकांवर काळी पूड कमी पडते आणि आवाज होत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. दोन्ही खरं आहे. शहरात फिरणाऱ्या हलक्या गाडीला ते उत्तमच. पण मला मालवाहू गाडी उतारावर धरून ठेवायची होती आणि मी निकष लावला चाकांच्या स्वच्छतेचा, जी चाकं वर्षातले सहा महिने चिखलात असतात!

पॅडच्या मालाची मोठी घराणी तीन. सेंद्रिय म्हणतात ते, तंतू, रबर आणि राळ यांचं मिश्रण: मऊ, शांत, रोटरला प्रेमाने वागवणारं, पण जास्त तापलं की हात टेकणारं. सेमी-मेटॅलिक, ज्यात वजनाच्या साधारण तीस ते पासष्ट टक्के लोखंडाची पूड, पोलादी तंतू असा धातूचा माल असतो: उष्णता सहन करतं आणि वाहूनही नेतं, पण पूड जास्त, रोटरची झीज जास्त, थंडीत पहिल्या दोन-चार ब्रेकना थोडं आळशी. आणि सिरॅमिक, वर सांगितलं ते. मात्र खोक्यावर लिहिलेला 'सिरॅमिक' हा शब्द फार सैल आहे. किती सिरॅमिक तंतू घातले म्हणजे सिरॅमिक, याला कुणाचं बंधन नाही. त्यामुळे घराण्याचं नाव वाचून थांबायचं नाही, पॅड उलटं करून बघायचं.

उलटं केलं की कडेला किंवा पाठीवर छापलेली एक ओळ दिसते. त्यात कंपनीचा आणि मिश्रणाचा क्रमांक असतो आणि शेवटी बऱ्याचदा दोन अक्षरं: एफएफ, एफई, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाला घर्षणांक किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या जुन्या पॅडवर एफई होतं. म्हणजे थंड असताना बरं आणि तापल्यावर एक पायरी खाली. घाटात नेमकं जेव्हा हवं तेव्हा कमी. ही चाचणी छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत होते, त्यामुळे तिच्यावरून पॅड किती टिकेल किंवा किती किंचाळेल ते कळत नाही. पण एफई आणि एफएफ यांत मला काय घ्यायचं नाही हे नक्की कळतं.

मग जीजी का नाही? मोहात मीही पडले होते. पण गाडी बनवणाऱ्यांनी पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांशी जुळवलेला असतो. पुढे जास्त चावणारे पॅड घातले आणि मागे तेच जुने ड्रम राहिले, तर पुढचे ब्रेक आणखी काम ओढून घेतात, आणि पेडलला नुसता स्पर्श केला की गाडी नाक खाली घालते. माझ्या पेट्यांना ते नको. युरोपात वापरतात त्या आर ९० नियमात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के इकडेतिकडे असावी अशी अट आहे, कमीही नको आणि जास्तही नको. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. मूळ पॅड एफएफ होते, म्हणून एफएफच. सेमी-मेटॅलिक, मालवाहू गाड्यांसाठी बनवलेले, पाठीवर आर ९० चा शिक्का असलेले.

पाठीची पट्टीसुद्धा बघितली. माझ्या जुन्या पॅडवर रंगाखाली गंज शिरला होता आणि एका कोपऱ्यात घर्षणाचा थर पट्टीपासून नखाएवढा सुटला होता. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या पॅडला हे होऊ शकतं. काही पट्ट्यांना बारीक हुकांसारखे आकडे उठवलेले असतात, त्यात घर्षणाचा माल दाबून अडकवतात. जस्ताचा मुलामा असेल तर आणखी बरं. नवीन सेटला दोन्ही होतं. शिवाय पाठीवर रबर-धातूचे थर असलेली शिम, आणि थराच्या दोन्ही टोकांना उतरती धार, म्हणजे किंचाळणं कमी. खोक्यावर तीन पानांचं चित्र होतं. ते झाड लावा वगैरे सांगण्यासाठी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली पॅडमधलं तांबं कमी करायचे कायदे केले, कारण रस्त्यावरची पूड पावसाने ओढ्यात जाते आणि मासे मरतात. तीन पानं म्हणजे तांबं अर्ध्या टक्क्याच्याही खाली. माझ्या पेट्या ओढ्याकाठीच असतात, त्यामुळे हे वाचून उगाच बरं वाटलं.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली हे मला भारी आवडतं. हर्बर्ट फ्रूड नावाच्या एका इंग्रज माणसाने पाहिलं की गाडीवान उतारावर चाकाच्या ठोकळ्यात जुने बूट खोचतात, म्हणजे लाकूड-लोखंडापेक्षा पकड बरी मिळते. त्यावरून त्याने ब्रेकचं अस्तर बनवायला घेतलं आणि १८९७ साली कारखाना काढला. आडनावाचीच अक्षरं उलटीसुलटी करून आणि एक जादा 'ई' घालून त्याला फेरोडो नाव दिलं. म्हणजे पहिलं पॅड हे एका जड गाडीच्या घाट उतरण्यातून आलंय.

रोटरची निवड त्या मानाने सोपी असायला हवी होती. भोकं पाडलेले, खाचा मारलेले, सोनेरी-काळे रोटर फोटोत देखणे दिसतात. भोकांभोवती भेगा पडतात, विशेषतः जड गाडीत तापणं-निवणं सतत होत असेल तर, आणि भोकं म्हणजे तेवढं लोखंड कमी. खाचा एक वेळ ठीक, पण त्या पॅड जरा लवकर खातात आणि घरघर करतात. मला हवे होते साधे, सपाट, मधून हवा जाणारे, राखी ओतीव लोखंडाचे रोटर. जास्त कार्बनवाले मिळाले तर उत्तम, ते उष्णतेच्या धक्क्याने लवकर तडकत नाहीत आणि आवाजही कमी करतात.

तर असे साधे दोन मागवले. माप सगळं बरोबर: व्यास, उंची, मधलं भोक, बोल्टांची संख्या, जाडी. (एकाच मॉडेलला दोन व्यासांचे रोटर लागू शकतात, चाकाच्या आकारानुसार, त्यामुळे मॉडेलचं नाव सांगून मागवू नका, चॅसी नंबर द्या आणि तरीही जुना मोजून घ्या.) खोकं उचललं तेव्हा हाताला काहीतरी खटकलं. शेडमध्ये मध मोजायचा काटा आहे. त्यावर जुना, झिजलेला रोटर ठेवला: ८.९ किलो. नवा कोरा रोटर ठेवला: ८.२ किलो.

बाबा ओट्यावरून उठून आले. "काटा शून्यावर आहे का बघ."

होता. पाव किलोचं माप ठेवून तपासला, बरोबर. झिजलेल्या रोटरची पावणेदोन मिलिमीटर जाडी गेलेली, हिशोब केला तर अर्धा किलोच्या आसपास लोखंड झालं ते. म्हणजे मूळ रोटर नवा असताना ९.४ चा असणार. मग त्याच मापाचा हा नवा सव्वा किलोने हलका कसा? फटीत टॉर्च मारून बघितलं. जुन्याच्या दोन तबकड्या चांगल्या जाड आणि मधले पडदे दाट. नव्याच्या तबकड्या पातळ, मधली पोकळी रुंद. बाहेरून जाडी तीच, अठ्ठावीस. पण उष्णता पोटात घ्यायला लोखंड कमी, आणि झीज झाल्यावर उरणारी तबकडी तर अगदीच पापड. ते परत पाठवले. दुसरी जोडी आली ती ९.३ किलोची, कडेला आणि मधल्या टोपीला राखाडी जस्ताचा थर दिलेली, म्हणजे हबला गंजून चिकटणार नाही. काट्यावरचा तो फोटो मी जपून ठेवलाय. कुठल्याही खोक्यावर मला वजन छापलेलं दिसलं नाही.

पॅड आणि रोटर आले, आता बसवायचे, एवढ्यात बाबा म्हणाले, "मागे काय चाललंय ते बघितलंस का?"

"मागे ड्रम आहेत बाबा, लायनिंग चांगलं आहे. मागच्याच वेळी तुम्हीच बघितलं होतं."

"म्हणूनच विचारतोय. पुढचे पॅड चौदा महिन्यांत संपले आणि मागचं लायनिंग नव्यासारखं. मागचे ब्रेक काम करतायत का मुळात?"

गाडीखाली सरपटत गेले. पिकअपची मागची बाजू रिकामी असताना इतकी हलकी असते की पूर्ण दाब दिला तर मागची चाकं जाम होऊन घसरतील. म्हणून माझ्या गाडीला मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह आहे, त्यातून एक दांडी ॲक्सलला जोडलेली. माल भरला, गाडी खाली बसली की दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. माझी दांडी सांध्यात गंजून घट्ट झाली होती. रिकाम्या गाडीच्या जागेवर. म्हणजे चोवीस पेट्या भरूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटत होती आणि सगळा घाट पुढची दोन चाकं उतरत होती. सांधा सोडवला, साफ केला, ग्रीस दिलं, हाताने हलवून दोन्ही टोकांपर्यंत जातो ना ते पाहिलं. या एका सांध्याने पॅडचं जितकं आयुष्य खाल्लं तितकं माझ्या सिरॅमिकच्या हौसेनेही खाल्लं नसेल. पाट्यांचे स्प्रिंग बदलून मागून गाडी उचलून घेणाऱ्यांनी हा व्हॉल्व्ह जरूर बघावा, उंची बदलली की त्याचा अंदाजही चुकतो.

बसवण्याबद्दल सगळं लिहीत नाही, गाडीगणिक फरक पडतो. पण तीन-चार गोष्टी.

गाईड पिनांना साधं चाकाचं ग्रीस लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस मिळतं ते घ्या. माझ्या दोन पिना सारख्या नव्हत्या, एकीच्या टोकाला रबरी नळी होती. काढताना कुठली कुठे होती त्याचा फोटो काढला होता म्हणून वाचले.

पिस्टन मागे दाबताना तेल उलट वर टाकीत जातं. मी टाकीतलं तेल आधी कमी केलं नाही. ते ओसंडलं, आतल्या पत्र्यावरून ओघळलं, आणि संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा रंग सुरकुतून निघाला. ब्रेक ऑइल रंग खातं हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर फडकं हातात असणं यांत अंतर असतं. नाहीतरी तेल बदलायचंच होतं: डॉट ४ या दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी पिऊन मुरलेल्या तेलाची तीच हमी १५५ वर येते. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता कॅलिपरकडे जास्त वाहून आणतात, तेव्हा जुनं तेल ठेवून चालणार नव्हतं.

आणि हब. नवा रोटर गंजलेल्या हबवर चढवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तारेच्या ब्रशने हबचा तोंडवळा लख्ख केला, रोटर चढवला, नट घट्ट करून रोटर फिरताना किती डुलतो ते दाखवणारा डायल गेज लावला. काटा एका फेऱ्यात नऊ शतांश हलला. पाच शतांशाच्या वर नको असतो. पुन्हा साफ केलं, तरी नऊ. मग रोटर काढून दोन बोल्ट पुढे फिरवून बसवला: चार. हबचा किंचित तिरकेपणा आणि रोटरचा किंचित तिरकेपणा एकमेकांना खाऊन गेले. या पाच मिनिटांसाठी कुठल्या गॅरेजकडे वेळ नसतो, आणि वर्षभराने 'डिस्क वाकली' म्हणायला सगळे मोकळे असतात. चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहिले, कारण पहिल्या दोन-तीन वेळा ते सरळ तळाला जातं. हे विसरून गाडी सुरू करणाऱ्यांच्या भिंती पडलेल्या मी पाहिल्यात.

रात्री रिकामा रस्ता बघून पॅड मुरवायला गेले. ताशी साठवरून पंधरापर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, असं दहा वेळा. सातव्या-आठव्या वेळी जळक्या राळेचा वास आला आणि बाबांनी काच खाली केली. मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता नुसती गाडी चालवली, निववायला. घरी येऊन टॉर्चने पाहिलं तर रोटरवर सगळीकडे एकसारखी निळसर राखी झाक आली होती. ओरखडे नाहीत, डाग नाहीत.

चार दिवसांनी बावीस पेट्या घेऊन तोच घाट उतरले. दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये मध्ये ब्रेक दाबून सोडत. स्टिअरिंग स्थिर. मागच्या माश्यांचा सूर खालपर्यंत बदलला नाही. फाटक उघडं होतं.

एक कुरकुर राहिलीय. सकाळी थंड गाडी मागे घेताना डावं चाक बारीक किंचाळतं, दोनदा, मग गप्प. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, त्याला तांब्याची पॅड होती आणि ती इतकी किंचाळायची की लोकांना नकोशी झाली, असं वाचलंय. त्यापुढे माझं काहीच नाही. पॅडच्या क्लिपांना ग्रीसचा हात पुन्हा फिरवून बघणार आहे.

तीन महिन्यांनी काल चाक काढलं. पेट्यांच्या वहीत, राणीच्या वयाच्या रकान्याशेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवलंय: डावं आत १०.८, बाहेर १०.९. उजवं आत १०.८, बाहेर १०.८.